कॉलेजसाठी प्लॅनर: निवडायचा कसा, आखायचा कसा, सत्रभर चालवायचा कसा

बारावीपर्यंत तारखा आपल्याला शोधत येतात. वर्गशिक्षक फळ्यावर लिहितात, घरातून विचारणा होते, क्लासचा मेसेज येतो. कॉलेजात परीक्षेच्या फॉर्मची मुदत नोटीस बोर्डावरच्या एका कागदावर असते. तो कागद बघायचा राहिला तर लेट फी भरावी लागते. प्रॅक्टिकलचं जर्नल तपासून घ्यायची तारीख सर तासाच्या शेवटच्या मिनिटाला तोंडी सांगतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून झाला तरी कॉलेजात कागद जमा करायचे राहतात. यातलं काहीच अवघड नाही, फक्त ते सगळं एका जागी लिहिलेलं नसतं.

मोबाईल आहे की, मग कागद कशाला, असं वाटेल. आठवण करून द्यायला मोबाईल चांगलाच आहे. पण अख्खा आठवडा एका नजरेत दिसणं, गुरुवारी तीन कामं आदळणार आहेत हे सोमवारीच कळणं, हे उघड्या वहीवर जितकं पटकन जमतं तितकं त्या छोट्या स्क्रीनवर जमत नाही. शिवाय प्रॅक्टिकलच्या तासाला वही उघडली तर कोणी काही म्हणत नाही.

प्लॅनर म्हणजे वेळेचा जमाखर्च. आधीच खर्ची पडलेला वेळ पहिल्यांदा मांडायचा आणि उरलेलाच वाटायचा. बहुतेक जण उलटं करतात. आधी अभ्यासाचे मोठे बेत लिहितात आणि एसटी, प्रॅक्टिकल, मेसची रांग विसरतात. अशी वही तिसऱ्या आठवड्यात कपाटात जाते.

१. दुकानात जाण्याआधी कागद जमवा

वही कोरी असताना हे जवळ हवं:

- विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक (सत्र कधी सुरू, कधी संपणार, सुट्ट्या कोणत्या)
- कॉलेजचं तासांचं वेळापत्रक, प्रॅक्टिकलच्या बॅचसकट
- प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, त्यात क्रेडिट (विषयाचं तासांवरून ठरणारं वजन) किती ते
- फीची पावती, हप्ते असतील तर त्यांच्या तारखा
- शिष्यवृत्ती अर्जाचा क्रमांक, उत्पन्नाच्या आणि इतर दाखल्यांवर छापलेली मुदत
- केएमटी (कोल्हापूरची शहर बस) किंवा एसटीचा पास, नूतनीकरणाची तारीख बघायला
- पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक)

वेळापत्रक पहिले दोन-तीन आठवडे बदलत राहतं. बॅच पडायला वेळ लागतो, एखादा विषय बदलून मिळतो. म्हणून वही लगेच घ्या, पण तासांचं वेळापत्रक आधी पेन्सिलनेच उतरवा.

२. जानेवारी ते डिसेंबरची डायरी टाळा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. घरात बँकेची नाहीतर विम्याची फुकट आलेली डायरी असते, तीच उचलली जाते. तिच्यात तीन अडचणी आहेत. जूनमध्ये सुरू केली तर निम्मी आधीच वाया गेलेली असते, आणि ऐन परीक्षांच्या वर्षात डिसेंबरला संपते. बऱ्याच डायऱ्यांत रविवारला अर्धंच पान असतं, आणि विद्यार्थ्याला तर रविवारच मोठा असतो. तिसरी अडचण मोठी आहे. रोज एक पान असलं की आठवडा एकत्र दिसत नाही, आणि चार दिवस काही लिहिलं नाही की ती चार कोरी पानं डोळ्यांत खुपतात.

तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत. जून ते मे असा छापील प्लॅनर, तारखा न छापलेला प्लॅनर, किंवा साधी वही घेऊन स्वतः आखणं. पहिल्या वर्षाला मी तिसराच सुचवेन. तुमचा आठवडा कसा आहे हे अजून तुम्हालाच ठाऊक नाही, मग दुसऱ्याने छापलेल्या चौकटीत तो बसवायचा कशाला? महागाचा प्लॅनर दुसऱ्या वर्षी घ्या, तेव्हा काय हवं ते कळलेलं असेल.

३. आकार, कागद, बांधणी

आकार ए-५ घ्या, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, ए-४ च्या बरोबर निम्मा. ए-६ खिशात मावतो, पण त्यात आठवडा मावत नाही. ए-४ मध्ये जागा भरपूर, पण वजनाचा हिशेब करा. ७० जीएसएमचे (चौरस मीटर कागदाचं वजन ७० ग्रॅम) १०० कागद ए-५ मध्ये साधारण २२० ग्रॅम भरतात, ए-४ मध्ये साधारण ४३५. रोज केएमटीत उभं राहून जाणाऱ्याला हा फरक खांद्यावर कळतो.

कागद ७० ते ८० जीएसएमचा बघा. ६० जीएसएमवर बॉलपेन चालतं, पण शाईच्या पेनाची अक्षरं फुटतात आणि पलीकडे उमटतात. आकड्यावर विसंबू नका. दुकानदाराला विचारून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात स्वतःच्या पेनाने दोन शब्द लिहा आणि पान उलटून बघा. कोल्हापुरात महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, कुठेही घ्या, पण स्वतःचं पेन खिशात ठेवूनच जा.

बांधणी तीन प्रकारची मिळते. शिलाईची वही सपाट उघडते आणि टिकते. स्पायरल पूर्ण उलटी वळते, त्यामुळे गर्दीच्या बाकावर सोयीची. पण दप्तरात तार दबली की पानं अडकून फाटतात. फक्त गोंदाने चिकटवलेली वही घेऊ नका. वर्षभर रोज उघडझाप झाली की पानं सुटतात. ओळखायचं कसं? वही मधोमध उघडा. घडीत दोरा दिसला तर शिलाई आहे.

४. पानांचा हिशेब

जून ते मे १२ महिने. प्रत्येक महिन्याला समोरासमोरची दोन पानं, म्हणजे २४. वर्षाचे ५२ आठवडे, प्रत्येकी दोन पानं, म्हणजे १०४. झाली १२८. २०० पानी वहीत ७२ उरतात. त्यातली पहिली ४ स्वतःच्या माहितीला आणि अनुक्रमणिकेला, २० विषयपानांना, १२ खर्चाला (महिन्याला एक), बाकीची ३६ शेवटी मोकळी ठेवा. म्हणजे २०० पानी एका वहीत वर्ष निघतं. ३०० पानी घेऊ नका, उगाच वजन.

पानांना आधी क्रमांक घाला. कंटाळवाणं काम आहे, पण क्रमांक नसतील तर अनुक्रमणिकेला अर्थ नाही.

पहिल्या पानावर नाव, वर्ग आणि घरच्यांचा फोन लिहा, म्हणजे वही हरवली तर परत येईल. पीआरएन चालेल. आधार, बँक खातं आणि पासवर्ड मात्र या वहीत कधीच नको. ही वही बाकावर उघडी पडलेली असते.

५. सत्राच्या तारखा: काही पेनाने, काही पेन्सिलीने

महिन्याच्या पानांवर आता तारखा भरा. ज्या सूचनेवर सही-शिक्का आहे, ती तारीख पेनाने. जी कोणी तोंडी सांगितली किंवा 'साधारण' म्हणून सांगितली, ती पेन्सिलीने. कोल्हापुरात हे जास्तच लागतं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने तारखा हलतात.

परीक्षा फॉर्म, फीचा हप्ता आणि शिष्यवृत्ती या तीन गोष्टींची प्रत्येकी दोनदा नोंद करा. एकदा शेवटच्या तारखेला, आणि एकदा त्याच्या सात दिवस आधी. शेवटच्या दिवशी सर्व्हर अडतो, कॅफेत रांग लागते. सात दिवस आधीची नोंद पाहून काम करायचं, शेवटची नोंद फक्त खात्री करायला.

दाखल्यांची मुदतही इथेच लिहा. दाखला संपतो कधी हे त्याच्यावरच छापलेलं असतं, पण घडी करून फाईलमध्ये गेला की कोण बघतो? मुदत संपायच्या दीड महिना आधी 'नवीन दाखला काढायला टाकणे' अशी ओळ लिहून ठेवा.

सणांच्या नोंदी केवळ सुट्टी म्हणून करू नका. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती वाहतूक वळवतात, बसला वेळ लागतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडवरून कामासाठी जायचं मनातही आणू नका. चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा उन्हाळी परीक्षांच्या तोंडावर येते, आणि घरी सासनकाठी (यात्रेत नाचवायची उंच काठी) असेल तर ते दोन-तीन दिवस अभ्यासाचे नाहीत. ते आधीच काट मारून टाका. खोटा अभ्यास लिहून ठेवण्यापेक्षा खरी सुट्टी लिहिलेली बरी.

६. आठवड्याचे तास मोजा

आठवड्याचे तास १६८. कागलहून कोल्हापूरला रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा हिशेब असा येईल:

- झोप, रोज ७: ४९
- तास आणि प्रॅक्टिकल, सहा दिवस, सरासरी ५: ३०
- प्रवास आणि बसची वाट बघणं, सहा दिवस, २: १२
- अंघोळ, जेवण, आवरणं, रोज ३: २१
- घरचं काम, गोठा, किराणा, रोज १: ७

एकूण ११९. उरले ४९. हे ४९ सगळे अभ्यासाला मिळतात असं समजू नका. पाहुणे येतात, बस चुकते, डोकं दुखतं, रंकाळा तलावावर मित्र बोलावतात. दोन तृतीयांश, म्हणजे साधारण ३२ तासच वाटायला घ्या. बाकीचे मोकळे ठेवायचे आहेत, तिथे काही लिहायचं नाही. तालमीत जाणारे, फुटबॉल खेळणारे असाल तर सरावाचे तास वरच्या यादीत घाला, उरलेल्यातून चोरू नका. शाहू स्टेडियमवरचे सामने बघायचे असतील तर तेही.

तुमचा आकडा वेगळा येईल. हॉस्टेलवर प्रवास कमी, घरचं काम कमी, पण कपडे धुणं आणि मेस वाढते. खरा आकडा काढा, मोठा नव्हे.

७. आठवड्याचं पान आखणं

ए-५ वही, समोरासमोरची दोन पानं, पट्टी आणि पेन्सिल. वर २० मिलिमीटर सोडा. त्यात आठवड्याच्या तारखा आणि या आठवड्यातली सगळ्यात महत्त्वाची एकच गोष्ट. त्याखाली ४५ मिलिमीटरचे चार आडवे कप्पे. डाव्या पानावर सोम, मंगळ, बुध, गुरू. उजव्या पानावर शुक्र, शनी, रवी, आणि चौथा कप्पा 'या आठवड्यात कधीही'. तळाला १० मिलिमीटर उरतील, ते बोटं टेकायला राहू द्या. रेघी वही असेल तर पट्टी नकोच. वर दोन ओळी सोडा आणि प्रत्येक दिवसाला पाच ओळी मोजा.

आता प्रत्येक कप्प्यात बांधणीच्या बाजूला १२ मिलिमीटर सोडून एक उभी रेघ मारा, डावीकडे ४५ आणि उजवीकडे ९१ मिलिमीटर राहील अशी. डावीकडचं ठरलेलं असतं: तास, प्रॅक्टिकल, बस. उजवीकडे तुमचं काम. भरलेला बुधवार असा दिसेल:

डावीकडे: ७.३० ते १०.३० तास. ११ ते २ रसायन प्रॅक्टिकल. २.४० एसटी.
उजवीकडे:
• टायट्रेशन, प्रयोग ४: निरीक्षण तक्ता आणि गणित शाईने
• गणित, स्वाध्याय ३, उदाहरणं १ ते ६
○ ऑफिसात बोनाफाईडचा अर्ज, १ च्या आत

बुधवारी ११ ते २ प्रॅक्टिकल आणि ऑफिस १ ला बंद, म्हणजे ते काम प्रॅक्टिकलनंतर होणारच नाही. हे डाव्या रकान्यामुळेच कळतं. ते १०.३० ते ११ मध्ये टाकायचं किंवा गुरुवारी ढकलायचं, हे आदल्या रविवारीच ठरतं.

खुणा तीनच ठेवा. टिंब म्हणजे काम, वर्तुळ म्हणजे वेळेचं बंधन असलेलं काम, बाण म्हणजे पुढे ढकललं. झालेल्यावर फुली. रंगही दोनच पुरेत: निळा सगळ्याला, लाल फक्त शेवटच्या तारखांना. पाच रंगांची पेनं, चिकटपट्ट्या, चित्रं यांत आखणीचाच वेळ अभ्यासाएवढा होतो. सजावटीची आवड असेल तर ती रविवारी, सत्र सुरळीत चालू झाल्यावर.

८. काम असं लिहा की ते करता येईल

'केमिस्ट्री अभ्यास' हे काम नव्हे, तो विषय झाला. 'प्रकरण २, पान ३१ ते ४२, उदाहरणं ६' हे काम आहे. सुरू कुठे करायचं आणि संपलं कधी म्हणायचं हे ओळीतच कळलं पाहिजे. दिवसाला तीनपेक्षा जास्त कामं लिहू नका, प्रॅक्टिकलच्या दिवशी अभ्यासाची दोनच.

मोठं काम शेवटच्या तारखेकडून मागे मोजत या. जर्नलचं उदाहरण घ्या. प्रयोग १०, प्रत्येकी लिहायला ४५ मिनिटं, म्हणजे साडेसात तास. सर्टिफिकेशन (जर्नल पूर्ण झाल्याची सही) २० तारखेला. सरांनी दुरुस्त्या काढल्या तर त्याला चार दिवस हवेत, म्हणून तुमची तारीख १६. आठवड्याला ३ प्रयोग लिहिले तर चार आठवडे लागतात. म्हणजे सुरुवात आदल्या महिन्याच्या १८-१९ ला. हे चार आठवडे आजच शोधून प्रत्येक पानावर 'जर्नल ३' असं लिहून टाका. सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं जर्नल बघून उतरवणं यातूनच टळतं, आणि तोंडी परीक्षेत आपण लिहिलेलं आपल्याला आठवतं.

९. विषयपान आणि हजेरी

प्रत्येक विषयाला दोन पानं. वर शिक्षकांचं नाव, क्रेडिट, अंतर्गत गुण कशाकशाचे. खाली घटकांची यादी आणि पुढे तीन रकाने: शिकवलं, वाचलं, उजळणी.

तळाला हजेरी. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. ३ क्रेडिटच्या विषयाचे ४५ तास. ७५ टक्के हजेरी म्हणजे ३४, म्हणून जास्तीत जास्त ११ चुकवता येतात. दोन तासांची १५ प्रॅक्टिकल असतील तर १२ करावी लागतात, फक्त ३ चुकतात. मुलं तासांवर लक्ष ठेवतात आणि प्रॅक्टिकलवर अडकतात ती याच हिशेबाने. आणखी एक: टक्केवारी प्रत्यक्षात झालेल्या तासांवर निघते. तास ३६च झाले तर चुकवायला ९ आहेत, ११ नाहीत. म्हणून चुकलेल्या तासांसोबत झालेल्या तासांचीही रेघ ओढत चला, पाच-पाचच्या जुड्यांनी.

१०. पावसाची तयारी

जून ते सप्टेंबर ही वही भिजणार असं धरूनच चाला. अनेक जेल पेनांची आणि शाईच्या पेनांची अक्षरं पाणी लागलं की वाहून जातात. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकते, आणि पेन्सिलही टिकते. खात्री करायची असेल तर एक ओळ लिहा, मिनिटभर वाळू द्या आणि ओल्या बोटाने चोळा. वही झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये ठेवा, आणि दप्तरात पाण्याच्या बाटलीच्या कप्प्यापासून लांब, पाठीच्या बाजूला, पुस्तकांच्या मधे उभी.

तरी भिजलीच तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात आणि एकमेकांना चिकटतात. दर दहा-पंधरा कागदांनंतर वर्तमानपत्राचा कागद घाला आणि पंख्याखाली ठेवा. दोन-तीन तासांनी कागद बदला. ओल गेली की पाटाखाली वजन ठेवून रात्रभर दाबा.

ये-जा करणाऱ्यांनी आणखी एक नोंद ठेवावी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. पाणी ३९ कडे चढायला लागलं की त्या आठवड्याच्या 'कधीही' कप्प्यात तीन गोष्टी वर घ्या: लायब्ररीची पुस्तकं आणणं, जर्नल घरी नेणं, मुदतीत असलेले अर्ज आजच देणं. रस्ता बंद झाल्यावर घरी बसून जे करता येईल ते आधी घरी असायला हवं. जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रत्येक महिन्याला एक आठवडा कोराच राखा.

११. रविवारची वीस मिनिटं

रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं. सरलेल्या आठवड्यातली अपुरी कामं बघा आणि प्रत्येकाला विचारा: पुढे न्यायचं की सोडायचं? एकच काम तिसऱ्यांदा बाणाने पुढे जात असेल तर ते मोठं आहे. त्याचे तुकडे करा. मग महिन्याचं पान उघडून पुढच्या दोन आठवड्यांच्या तारखा उतरवा, डावे रकाने भरा, आणि शेवटी उजवे. रोज रात्री पाच मिनिटं: फुल्या मारणं आणि उद्याचं एकदा वाचणं.

आठवडा सुटला तर मागची पानं भरत बसू नका. त्यावर एक तिरपी रेघ मारून या आठवड्यापासून लिहा.

१२. सत्र संपताना

हिवाळी परीक्षा झाल्या की वही बाजूला ठेवण्याआधी एक पान लिहा. कोणत्या विषयाला ठरवल्यापेक्षा किती जास्त वेळ लागला, कोणता कप्पा कायम रिकामा राहिला, कोणती तारीख उशिरा कळली. रविवारचा कप्पा अपुरा पडत असेल तर पुढच्या सत्रात तो ६५ मिलिमीटर करा आणि 'कधीही'चा २५ वर आणा. एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्गात जाणं) लागली असेल तर तो विषय नव्या विषयपानावर घ्या, फॉर्मची तारीख लाल पेनाने. जुनी वही टाकू नका, पुढच्या जूनमध्ये तारखांचा अंदाज तिच्यातूनच येतो.